पहिले तुमीच बसणार

"पाण्याचा एक थेंब," सुरेंद्र देवस्थळी बोट वर करून म्हणाले, "एक थेंब जरी या होडीतनं पाझरला, तर ही मिशी उतरवीन आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चिकटवीन."

मिशी तशी फार मोठी नव्हती, पण चाकणच्या कंपनीत पोरं तिला वचकून असायची. देवस्थळी क्वालिटीला होते. पार्ट गळतोय का हे बघायची त्यांची पद्धत साधी होती: भरायचं आणि बघायचं. रिटायर झाल्यावर माणसाची खुर्ची जाते, पद्धत जात नाही. म्हणून त्या रविवारी सकाळी, संत तुकाराम नगरातल्या सोसायटीच्या पार्किंगात, होडी पाण्यात घालायच्या आधी त्यांनी पाणी होडीत घालायला घेतलं.

"आतलं बाहेर आलं नाही, म्हणजे बाहेरचं आत जाणार नाही," ते जमलेल्या मंडळींना म्हणाले. "साधं लॉजिक आहे."

लॉजिकला कुणाचा विरोध नव्हता. पाण्याला होता. नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि आजचा दिवस पाण्याचा नव्हता.

"देवस्थळी, हे टाकीतलं पाणी आहे," सेक्रेटरी अर्जुनराव म्हणाले. ते टॉवेल खांद्यावर टाकूनच खाली आले होते. "लोकांच्या आंघोळी व्हायच्यात."

"टेस्ट झाली की परत टाकीत सोडतो."

"व्हार्निशचं पाणी? आंघोळ करून चकाकायचं का आम्ही?"

होडी चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलेली, लांबलचक, मधाच्या रंगाची. नाकावर रेडियमच्या अक्षरात नाव: 'सुमेधा'. नंबर प्लेटवाल्याकडून करून आणलेलं, त्यामुळे पोलिसाने अडवली असती तरी वाचता आलं असतं. पण सोसायटीत तिला त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. कारण काम सुरू झालं तेव्हा वॉचमन किसनने विचारलं होतं, "साहेब, हिला म्हणायचं काय?"

"कयाक."

"काय की?"

"काय की नाही रे. कयाक."

"तेच म्हणतो मी. तुम्हालाच ठाऊक नाही, तर आम्हाला काय की."

तेव्हापासून सगळी बिल्डिंग तिला काय-की म्हणायची.

पाइप सोडला. होडी काठोकाठ भरली. देवस्थळी हातात टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन खाली वाकून, पाठीवर झोपून, सगळे सांधे टिपत फिरले. टिश्यू कोरडा. परत फिरले. कोरडा. मग ते उठले, पँट झटकली, मिशीवरून बोट फिरवलं आणि अर्जुनरावांकडे वळून म्हणाले, "बघा."

तेवढ्यात मागे 'कट्' आवाज झाला.

एवढं पाणी म्हणजे चार-पाच माणसांचं वजन, हे पाणी भरताना देवस्थळींच्या लक्षात आलं नव्हतं. खुर्चीच्या लक्षात आलं. तिने पाय फाकले, दुसरीने तिचं बघून फाकले, आणि काय-की म्हैस बसावी तशी एका अंगावर बसली. सगळं पाणी एकदम बाहेर आलं. चपला गेल्या, अर्जुनरावांची स्कूटर आडवी झाली, आणि उरलेलं पाणी सरळ, कुणी रस्ता दाखवल्यासारखं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं. वर कुठेतरी लिफ्टने आचका दिला आणि ती बंद पडली.

"होडी पास आहे," देवस्थळी म्हणाले. "खुर्च्या फेल गेल्या."

हे वाक्य ते जिन्यातही म्हणाले, बायकोच्या मागून चढताना. त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, सुमेधाबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे. त्या प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, कठडा धरत होत्या, आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला यातून काहीतरी कळायला हवं होतं.

"एक थेंब नाही आला बघ सांध्यातनं," देवस्थळी म्हणाले.

होडीचं खूळ मोबाइलमधून आलं होतं. कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस आपल्या गॅरेजात लाकडाची होडी बनवतो, घरामागच्या तळ्यात सोडतो आणि मधोमध जाऊन थर्मासमधली कॉफी पितो, असा तो व्हिडिओ. देवस्थळींकडे गॅरेज नव्हतं, तळं नव्हतं. थर्मास होता.

आणि ज्ञानेश येळवंडे होता. चाकणच्या पलीकडचा, शेतीवाडीचा गडी, पण उभा जन्म त्याच कंपनीत असेंब्लीला गेलेला. कंपनीच्या बसमध्ये दोघं एका सीटवर बसायचे. देवस्थळी खिडकीशी, ज्ञानेश त्यांच्या खांद्यावर झोपलेला. एवढ्या वर्षांत खांद्याची सवय होते. रिटायर झाल्यावर ज्ञानेशने टेम्पो घेतला आणि चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेडमध्ये काय पडून आहे हे त्याला कळायला लागलं. परदेशी मशीन ज्या खोक्यात येतात त्याचं पाइन त्याने आणलं. मोटार वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार आणली. फायबरचे बंपर बनवणाऱ्याकडून रेझिन आणलं. प्लाय मात्र देवस्थळींनी स्वतः निवडलं, वाण्याकडची ज्वारी निवडावी तसं.

"दीड सूत," ते म्हणाले. "मुद्दाम पातळ घेतलंय. होडी एका हाताने उचलता आली पाहिजे."

"आन् जोडायची कशी? खिळं मारून?"

"खिळे नाहीत. फळ्यांना कडेने भोकं पाडायची, तारेने शिवायची, मग रेझिन."

"होडी शिवत्यात?"

"शिवतात."

"मग शिंप्याकडंच टाकू की साहेब. फॉल-पिको सकट करून देईल."

पार्किंगातल्या आपल्या गाडीच्या जागेत, गाडी रस्त्यावर काढून, दोघांनी होडी शिवली. देवस्थळी मापं काढायचे, ज्ञानेश कापायचा. चुकलं की देवस्थळी त्याच्यावर 'रिजेक्ट' अशी खडूने फुली मारायचे आणि ज्ञानेश ती फुली पुसून फळी तशीच बसवायचा. चहा सुमेधाबाईंकडून यायचा, लिफ्टने.

एकदा काम करता करता ज्ञानेश सहज बोलून गेला, "झाली की आमच्या शेततळ्यात आणा. मी एक चक्कर मारून बघतो आदी."

देवस्थळींच्या हातातली तार खाली पडली.

"नाही," ते म्हणाले. "पहिला मी."

"बरं, तुमी. एवढं काय त्यात."

"तुला नाही कळायचं ज्ञानेश. आपल्या कंपनीतनं एवढ्या गाड्यांचा माल गेला. पास कुणी केला? मी. गाडीत पहिलं कोण बसलं? दुसराच कुणीतरी. नवीन लाइन आली, रिबन कुणी कापली? दिल्लीहून आलेला कोण तो, ज्याला स्क्रू कुठला आणि बोल्ट कुठला माहीत नव्हतं. माझा म्हणून एकच मान होता."

तो मान ज्ञानेशलाही माहीत होता. खंडेनवमीला मोठ्या प्रेसवर नारळ फोडायचा तो देवस्थळींनी. वीट नाही, दगड नाही. हात डोक्यावर, आणि थेट प्रेसच्या बिडाच्या पायावर. एका घावात दोन शकलं. पोरं शिट्ट्या मारायची. रिटायर झाल्यावर तो मानही कुणा नव्या मॅनेजरकडे गेला, आणि तो म्हणे तीन-तीनदा आपटतो.

"एकदा तरी," देवस्थळी म्हणाले, "पहिला मी बसणार. पाण्यात, मधोमध. कॉफी घेऊन."

ज्ञानेश हेलावला. तो उठला, स्कूटरची डिकी उघडली आणि आतून निमगावच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली. चिमूट तळहातावर घेतली.

"ह्यो भंडारा हाय साहेब. ह्या होडीत पहिले तुमीच बसणार. तुमच्या आदी दुसऱ्या कुणाचं बूड टेकलं, तर देव मला बघून घेईल."

देवस्थळींच्या कपाळाला पिवळं बोट लागलं. क्वालिटीच्या माणसाला एवढी लेखी हमी कंपनीतही कधी मिळाली नव्हती, आणि ही तर लेखीही नव्हती.

तर ती टेस्ट झाली, लिफ्ट गेली ती बरेच दिवस आलीच नाही, आणि अर्जुनरावांनी नोटीस लावली: पार्किंगातील लाकडी वस्तू तातडीने हलवावी. वस्तूला काय म्हणावं हे न सुचल्यामुळे कंसात 'काय-की' असं लिहिलं होतं.

"ज्ञानेशभाऊंच्या शेडमध्ये ठेवू या का?" सुमेधाबाई म्हणाल्या. नंतर देवस्थळींनी पुष्कळदा आठवून पाहिलं, तेव्हा त्या आवाजात जरा जास्तच गोडवा होता. त्या वेळी त्यांना वाटलं, होडीला नाव दिल्याचा परिणाम.

ज्ञानेश टेम्पो घेऊन आला. होडी चढवायच्या आधी त्याने ती पार्किंगात जमिनीवर नीट ठेवली, आत उशी टाकली.

"बसा की साहेब जरा. फिटिंग बघून घ्या."

"इथे?"

"आता गुडघा कुठं अडला, पाठ कुठं टेकली, हे इथंच बघावं लागंल का न्हाई? पाण्यात गेल्यावर रंधा मारता येत न्हाई."

हे क्वालिटीच्या भाषेतलं बोलणं होतं. देवस्थळी आत बसले. पाय लांब केले. बरोबर बसत होते.

"वल्हं धरा. असं. हसा जरा. फोटू काढतो."

देवस्थळी हसले. किसननेही शेजारी उभं राहून सॅल्यूट मारला.

मग सुरू झाल्या तारखा. होडी पाण्यात सोडायला धरणावर कधी जायचं, असं विचारलं की ज्ञानेश सांगायचा, व्हार्निशचा शेवटचा हात वाळतोय. मग म्हणाला, दमट हवा हाय, अजून चिकटतंय. मग त्याच्या पोरीचं, तनुजाचं लग्न ठरलं, राजगुरुनगरच्या रणजीतशी. "साहेब, एवढं कार्य पार पडू द्या. मग तुमी, मी आन् धरण." आता पोरीच्या बापाला होडीसाठी कोण तगादा लावणार. देवस्थळींनी थर्मास घासून ठेवला आणि वाट बघितली.

पत्रिका आली. निमंत्रकांची नावं मतदार यादीसारखी, पण खाली 'विशेष स्नेही' म्हणून देवस्थळी पती-पत्नी दोघांचीही नावं. ती बघून ते दिवसभर खूश होते.

लग्न ज्ञानेशच्या चुलत्याच्या लॉन्सवर. गोरज मुहूर्त. दारातच कुणीतरी देवस्थळींना गुलाबी फेटा बांधला आणि पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. स्टेजवर मान्यवरांचे शुभाशीर्वाद चालू होते. एकेक मान्यवर उठायचा, वधूवरांना दोन शब्द आणि स्वतःच्या कार्याला बाकीचे द्यायचा.

"इथनं उठू नका हं," सुमेधाबाई म्हणाल्या. त्यांनी पैठणी नेसली होती आणि सारख्या स्टेजच्या मागे बघत होत्या.

"मला जरा जाऊन यायचंय."

"आत्ता? थांबा ना थोडं."

पण हे थांबण्यातलं प्रकरण नव्हतं. देवस्थळी स्टेजच्या मागे गेले. बाथरूमची पाटी सापडेना, म्हणून एका मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे शिरले, आणि जागच्या जागी उभे राहिले.

पडद्यामागे येळवंड्यांचं शेततळं होतं, चांगलं मोठं, काळा प्लास्टिक कागद अंथरलेलं. काठाला एक होडी दोरीने बांधलेली. सोनेरी ऑइलपेंट मारलेली. नाकावर थर्माकोलची राजहंसाची मान, तिच्यावर झेंडूचे हार. अंगावर लिहिलेलं: 'तनुजा वेड्स रणजीत'. मधे बदाम. आणि बदामाच्या खाली, सोनेरी रंगातूनही, जरासा उठून दिसणारा रेडियमचा एक काना आणि 'सु'चा उकार.

देवस्थळींनी हात पुढे केला आणि सांध्यावरून फिरवला. आपला सांधा माणसाला कळतो.

"साहेब," मागून आवाज आला. ज्ञानेश. अंगात जोधपुरी, खांद्यावर उपरणं, तोंडावर घाम. "तुमाला सांगणारच हुतो."

"सोनेरी?" देवस्थळींना पहिला तोच शब्द सुचला.

"पोरीची हौस साहेब. हल्ली एंट्री लागती. कुणी बुलेटवरनं येतंय, कुणी क्रेनमधनं. त्या शेलारांची पोरगी तर हेलिकॉप्टरनं आली. मपल्या पोरीनं निस्तं चालत यायचं व्हय?"

"तू भंडारा उचलला होतास."

"व्हय. आन् मोडला न्हाई." ज्ञानेशने घाईने मोबाइल काढला, अंगठ्याने वर-खाली केलं आणि स्क्रीन पुढे धरली. "ह्ये बघा. पहिले कोण बसलंय? तुमी. हातात वल्हं, तोंडावर हसू. शेजारी किसन साक्षीला. मी 'पहिले तुमीच बसणार' म्हनलो हुतो. पाण्यात बसणार असं कुठं म्हनलो?"

देवस्थळी फोटोकडे बघत राहिले. फोटोतला माणूस खरंच हसत होता. मूर्खासारखा, फिटिंग बघत. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा, आणि मान आपणच पुढे करायची, उशीवर टेकून.

"फिटिंग," ते म्हणाले.

"देवाला फसवून चालत न्हाई ना साहेब. त्याची सोय केली. तुमचं आपण लगीन झाल्यावर बघणारच हुतो."

पडद्याच्या कडेला ज्ञानेशची आई तानाबाई खुर्ची टाकून बसली होती. तिचं एवढा वेळ नातीच्या होडीवर लक्ष होतं, आता तोंड उघडलं. "आरं पण सायेब, नवरीचं बूड टेकलं तर लाकूड झिजतंय व्हय? आमच्या बैलगाडीत निम्मं गाव बसून ग्येलं, आमी न्हाई कुणाला भंडारा उचलाय लावला."

देवस्थळींनी चपला काढल्या. दोरी सोडली. वल्हं उचललं. ज्ञानेश "साहेब, साहेब" म्हणत असतानाच ते होडीत बसले, पाय लांब केले, काठाला वल्हं टेकवून जोर लावला. काळ्या कागदावरून होडी लोण्यासारखी सटकली.

आता, डीजेवाल्या पोराला एवढंच सांगून ठेवलेलं होतं की होडी हलली की सुरू कर. होडी हलली. त्याने सुरू केलं. पडदा बाजूला झाला, काठावरच्या नळ्यांतून ठिणग्यांची कारंजी उडाली, धूर आला, ड्रोन वर चढला, आणि माइकवाला निवेदक पाठ केलेलं बोलायला लागला: "आणि आता तो क्षण, ज्याची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो. जलमार्गाने येत आहे, सौंदर्याची खाण, येळवंडे परिवाराची लाडकी लेक..."

धुरातून राजहंसाची मान आली, आणि तिच्या मागे गुलाबी फेट्यातले देवस्थळी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरामुलगा जरा वयस्कर आहे एवढीच कुजबुज मागच्या रांगांत झाली. एका बाईने अक्षताही टाकल्या.

देवस्थळी वल्हवत मधोमध गेले आणि थांबले. वल्हं आडवं ठेवलं. होडी हलत होती, पण आज्ञेत. त्यांनी खाली हात घालून तळ चाचपला. कोरडा. बोट नाकाशी नेऊन बघितलं. कोरडं. एक थेंब नाही. थर्मास मात्र घरी होता.

"काका, बाहेर या," रणजीत काठावरून ओरडला. तो शेरवानीत होता आणि त्याच्या तलवारीत त्याचाच पाय अडकत होता. "मुहूर्त टळतोय."

"मग चालत जा," देवस्थळी म्हणाले.

"साहेब, पोरीचा बाप हाय मी," ज्ञानेश म्हणाला. "पायाला हात लावतो तुमच्या."

"पाय इथे आहेत. ये आणि लाव."

कुणीतरी तळ्यात उतरायला निघालं, कागदावर पाय घसरून बसलं आणि बाकीच्यांचा तो विचार संपला. मान्यवरांचं भाषण बंद पडलं. निवेदक मात्र गप्प बसण्याची बोली करून आला नव्हता. "आपले ज्येष्ठ स्नेही," तो म्हणाला, "सध्या तळ्याच्या मध्यभागी आहेत. त्यांच्या सौभाग्यवतींना मी विनंती करतो की त्यांनी दोन शब्द बोलावेत."

माइक सुमेधाबाईंच्या हातात आला. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर होते.

"अहो," असं सगळ्या लॉन्सभर ऐकू आलं. "परत या. ज्ञानेशभाऊंना बोलू नका. होडी मीच दिली त्यांना लग्नाला."

नुसता ड्रोन घुमत होता.

"मीच म्हणाले, न्या. रंगवायची तर रंगवा. परत नाही आणलीत तरी चालेल." माइकमधून मोठा उसासा आला. "पाच मजले चढले मी त्या लिफ्टपायी. रोज. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, गुडघा कसा आहे? 'होडी पास आहे' म्हणालात."

"तुझं नाव दिलं होतं तिला," देवस्थळी म्हणाले. पण त्यांच्याकडे माइक नव्हता, त्यामुळे हे राजहंसाशिवाय कुणी ऐकलं नाही.

ते तिथे तसेच बसून राहिले. पहिलेपणाचं सुख आलं होतं खरं, पण येताना असं काही अंगावर घेऊन आलं होतं की ते कुठे ठेवावं कळेना. मित्राने फसवलं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. तो पोरीचा बाप होता, आणि निदान देवाला तरी घाबरला होता. बायकोने देवाचीही सोय केली नव्हती. आणि वाईट म्हणजे, गुडघा कसा आहे हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं.

तेव्हा तनुजा काठाशी आली. शालू दोन्ही हातांनी उचललेला, मुंडावळ्या कानामागे टाकलेल्या. ती लहान असताना कंपनीच्या फॅमिली डेला देवस्थळींच्या कडेवर बसून जिलबी खायची.

"काका, मला बाबांनी सांगितलंच नाही तुमचं-त्यांचं काय ठरलेलं ते," ती म्हणाली. "मला वाटलं भाड्याची आहे."

'भाड्याची' हा शब्द जिव्हारी लागला. पण पोरगी खरं बोलत होती.

"झालात ना पहिले? सगळ्यांनी बघितलं. ड्रोनमध्ये पण आलं. आता या. आणि मी बसायच्या आधी होडीचा नारळ फोडायचाय. बाबा तो मान प्रमुख पाहुण्यांना देणार होते. मी सांगते, तो तुमचा. दुसऱ्या कुणी फोडला तर मी बसणारच नाही."

प्रमुख पाहुण्यांनी हाताची घडी घातली. ज्ञानेशने पटापट मान हलवली. "व्हय साहेब. मान तुमचाच. तुमच्यासारखा घाव अख्ख्या चाकणात न्हाई कुणाचा."

देवस्थळींनी प्रमुख पाहुण्यांच्या त्या घडीकडे एकदा बघून घेतलं. मग वल्हं उचललं.

काठाला लागल्यावर चार जणांनी त्यांना हात दिला. होडीचं नाक ओढून लाल गालिच्यावर घेतलं. निवेदकाने जाहीर केलं, "होडीचे शिल्पकार, माननीय सुरेंद्रजी देवस्थळी साहेब, यांच्या शुभहस्ते." शिल्पकार. हा शब्दही स्पीकरमधून सगळ्या लॉन्सभर गेला. सुमेधाबाई काठाशी येऊन उभ्या राहिल्या. देवस्थळींनी त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"आधी नारळ फोडा," त्या म्हणाल्या, पण तोंड जरा मऊ झालं होतं.

ज्ञानेशने नारळ हातात दिला. शेंडी ठेवलेला, हळदकुंकू लावलेला, चांगला दणकट. होडीच्या बाजूला हार घालून एक वीटही मांडलेली होती, पण देवस्थळींनी आयुष्यात कधी विटेकडे बघितलं नव्हतं. ते होडीच्या नाकासमोर उभे राहिले. फेटा नीट केला. कंपनीतली कुणीतरी जुनी मंडळी मागे होती, त्यांनी शिट्टी मारली. देवस्थळींचा हात आपोआप डोक्यावर गेला. एवढ्या वर्षांनी परत मान मिळाला होता. मित्राचं, बायकोचं, सगळ्यांचं जे काही मनात साठलं होतं ते त्यांनी खांद्यात आणलं, आणि प्रेसच्या पायावर मारायचे तसा एकच घाव घातला.

दीड सुताच्या प्लायला नारळाच्या मापाचं गोल भोक पडलं. राजहंसाची मान उडून तळ्यात गेली. तनुजा आणि रणजीत मंडपात चालत गेले. ज्ञानेशने होडीत हात घालून नारळ बाहेर काढला. तो फुटला नव्हता.